ऑपरेटिंग सिस्टिमचा सातबारा

जानेवारी २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या आश्रयानं उभ्या राहिलेल्या एका कंपनीनं ‘भरोस’ ही मोबाइलची ऑपरेटिंग सिस्टिम मांडली, आणि बघता बघता सगळी चर्चा ठरलेल्या चाकोरीत जाऊन पडली. एक गट म्हणाला, संपली एकदाची गूगलची मक्तेदारी. दुसरा म्हणाला, अहो, हे अँड्रॉइडच आहे, पाटी तेवढी बदललीय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवरून विंडोज काढून ‘माया’ बसवणार अशा बातम्या आल्या. ‘माया’ ही उबुंटू या लिनक्सच्या परदेशी, खुल्या अवतारावर बेतलेली असल्यानं तीच जुगलबंदी पुन्हा रंगली. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची ‘बॉस’ लिनक्स तर २००७ पासून हे सोसते आहे. ती डेबियन या लिनक्सच्याच दुसऱ्या खुल्या अवतारावर आधारलेली आहे हे उघड आहे, तरी कुणीतरी अधूनमधून ते नव्यानं ‘उघडकीस’ आणतंच.

दोन्ही गटांनी एक गोष्ट न तपासताच गृहीत धरली आहे: ऑपरेटिंग सिस्टिम ‘आपली’ असायची तर ती मुळापासून आपल्या हातून लिहिली गेलेली हवी. एकाला वाटतं तसं झालंय, दुसऱ्याला वाटतं झालेलं नाही. माझं म्हणणं असं की हे गृहीतकच खोटं आहे. आज वापरात असलेली जवळपास कुठलीच मोठी ऑपरेटिंग सिस्टिम त्या अर्थानं कुणाचीच नाही. कूळ विचारावं, जरूर विचारावं, पण ते नीट विचारायला शिकलं पाहिजे. सातबाऱ्याच्या उताऱ्यात दोन नमुने असतात. सात नंबरचा सांगतो जमीन कुणाच्या नावावर आहे, आणि बारा नंबरचा सांगतो त्यात यंदा कुणी काय पेरलं. आपला सगळा वाद सातावर अडला आहे. बारा कुणी मागतच नाही.

हे कळायला कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचा इतिहास पाहावा. तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, कारण लिनक्सची गोष्ट जास्त नाट्यमय आहे: हेलसिंकीतला एक विद्यार्थी, त्याची खोली, त्याचा संगणक. बर्कलीच्या गोष्टीत विद्यापीठ आहे, वकील आहेत आणि फायलींच्या याद्या आहेत. पण वंशाचा प्रश्न जितका त्या याद्यांमध्ये उलगडतो तितका दुसरीकडे कुठे उलगडत नाही.

युनिक्स १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये आकाराला आलं, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून. पण तिथंही पाटी कोरी नव्हती. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज मिळून ‘मल्टिक्स’ नावाची अवाढव्य प्रणाली बांधत होते. त्यातून बेल लॅब्जनं अंग काढून घेतलं, आणि तिथल्या पटलेल्या कल्पना थॉम्पसननं एका पीडीपी-७ यंत्रावर आटोपशीर करून उतरवल्या. फोल्डरच्या पोटात फोल्डर ही रचना मल्टिक्सची. युनिक्स हे नाव म्हणजे मल्टिक्सवर केलेली कोटी. ज्याला सगळे मूळपुरुष मानतात त्यालाही बाप आहे, तो असा.

बेल लॅब्जची मालक एटी अँड टी. १९५६ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या तडजोडीमुळे या कंपनीला दूरध्वनी सोडून दुसऱ्या धंद्यात उतरायला मनाई होती. म्हणून युनिक्स बाजारात न विकता विद्यापीठांना नाममात्र किमतीत, सोर्स कोडसकट, म्हणजे वाचता-बदलता येणाऱ्या मूळ मजकुरासकट दिलं गेलं. हमी नाही, दुरुस्ती नाही, बिघडलं तर तुमचं तुम्ही बघा. मला या बेफिकिरीचं महत्त्व फार वाटतं. सोर्स हातात आणि मदत शून्य असल्यामुळे ज्यानं ज्यानं युनिक्स घेतलं त्याला ते दुरुस्त करायला शिकावंच लागलं. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी त्या कोडवर ओळीगणिक भाष्य लिहून विद्यार्थ्यांना शिकवलं. पुढे कंपनीनं असं शिकवण्यावर बंदी आणली, तेव्हा त्या भाष्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स जगभर फिरल्या.

१९७५ मध्ये थॉम्पसन वर्षभर शिकवायला बर्कलीला, म्हणजे स्वतःच्याच जुन्या विद्यापीठात गेला. तिथल्या बिल जॉय नावाच्या विद्यार्थ्यानं १९७८ मध्ये एक टेप तयार केली: बर्कली सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन, म्हणजेच बीएसडी. तीत होतं काय? पास्कल भाषेची व्यवस्था आणि एक एडिटर. ती ऑपरेटिंग सिस्टिम नव्हतीच. दुसऱ्याच्या युनिक्सवर घालायची भर होती ती, आणि लायसन्सही त्या दुसऱ्याचंच घ्यावं लागायचं. आपल्याकडचे खिल्ली उडवणारे तेव्हा बर्कलीत असते तर त्यांनी काय म्हटलं असतं? एडिटर टाकला म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम झाली का? पण पुढच्याच वर्षी बर्कलीनं त्यात व्हर्च्युअल मेमरी आणली. १९८३ च्या ४.२ बीएसडीत अमेरिकी संरक्षण खात्याच्या दार्पा या संस्थेच्या पैशातून टीसीपी-आयपी आलं, ज्यावर आजचं इंटरनेट उभं आहे. पाच वर्षांत गंमत अशी झाली की लोकांना मूळ युनिक्सपेक्षा त्यावरची भर हवीशी वाटू लागली.

१९८४ मध्ये एटी अँड टीचं विभाजन झालं, धंद्यावरची बंदी उठली आणि लायसन्सच्या किमती चढू लागल्या. बर्कलीतल्या संशोधकांना, आणि ज्यांना फक्त नेटवर्कचा भाग हवा होता अशा कंपन्यांनाही, ही किंमत डोईजड झाली. म्हणून १९८९ मध्ये बर्कलीनं केवळ स्वतः लिहिलेला नेटवर्कचा कोड वेगळा काढून मुक्त लायसन्सखाली दिला. मग कीथ बोस्टिकनं विचारलं, बाकीचंही का नको? मार्शल कर्क मॅक्युसिक आणि माइक कॅरल्स या सहकाऱ्यांना ते जमेलसं वाटत नव्हतं. बोस्टिकनं इंटरनेटवरून स्वयंसेवक गोळा केले. काम असं: प्रत्येक युटिलिटीचं, म्हणजे सिस्टिमसोबत येणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं, प्रसिद्ध वर्णन तेवढं वाचायचं, एटी अँड टीचा कोड पाहायचा नाही आणि ती नव्यानं लिहायची. मोबदला म्हणजे यादीत नाव. दीड वर्षात जवळपास सगळ्या महत्त्वाच्या युटिलिटी पुन्हा लिहून झाल्या. मग तिघांनी कर्नेलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, एकेक फाइल चाळली. १९९१ च्या जूनमध्ये ‘नेट-२’ बाहेर पडलं तेव्हा एटी अँड टीच्या कोडमध्ये अडकलेल्या फक्त सहा फायली राहिल्या होत्या. बिल जॉलिट्झ यांनी त्या सहांची जागा भरली आणि साध्या पीसीवर चालणारं ३८६बीएसडी जन्माला आलं.

खटला व्हायचाच होता, तो झाला. नेट-२ च्या आधारावर बीएसडीआय नावाची कंपनी माल विकू लागली, तेव्हा एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीजनं १९९२ मध्ये तिच्यावर आणि पाठोपाठ विद्यापीठावरही दावा लावला. मुद्दा कुळाचाच होता: तुमचा कोड आमच्या पोटातून आलाय. न्यायालयानं विक्रीला तातडीची मनाई दिली नाही. उलट विद्यापीठानं प्रतिदावा ठोकला की एटी अँड टीनं स्वतःच्या सिस्टिम फाइव्ह युनिक्समध्ये बर्कलीचा कोड भरपूर वापरला आणि लायसन्सनं घातलेली एकमेव अट, म्हणजे श्रेय देणं, तीही पाळली नाही. बाप मुलाला चोर म्हणत होता आणि मुलाचा माल बापाच्या घरात सापडत होता. मधल्या काळात नोव्हेल या कंपनीनं युनिक्सचे हक्क विकत घेतले आणि १९९४ च्या सुरुवातीला समेट झाला. अठरा हजार फायलींपैकी तीन काढून टाकायच्या, सुमारे सत्तर फायलींवर युनिक्सवाल्यांची कॉपीराइटची ओळ घालायची आणि काही किरकोळ बदल करायचे. एवढ्यासाठी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत बीएसडीवर कायद्याचं सावट होतं आणि लिनक्सनं मैदान मारलं. लिनक्सचा कर्ता, हेलसिंकीतला तो विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स, यानं पुढे सांगितलंय की सुरुवात केली तेव्हा ३८६बीएसडी हाताशी असतं तर बहुधा लिनक्स लिहिलंच नसतं.

समेटानंतर ‘४.४ बीएसडी-लाइट’ आलं आणि १९९५ मध्ये बर्कलीचा तो गटच बंद झाला. पण त्यानं फरक पडला नाही, कारण नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी १९९३ पासूनच आपापली शेती करत होते. फ्रीबीएसडीनं तर समेटाच्या अटींमुळे लाइटच्या पायावर पुन्हा घर बांधलं आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये दुसरी आवृत्ती काढली. मूळ संस्था गेली, वारस राहिले.

आता सांगा, फ्रीबीएसडी युनिक्स आहे की नाही? वंशानं ते थेट बर्कलीचं, आणि बर्कली थेट बेल लॅब्जची. पण ‘युनिक्स’ हे नाव आज ओपन ग्रुप या संस्थेचा ट्रेडमार्क आहे. त्यांच्या चाचण्या देऊन आणि पैसे भरून प्रमाणपत्र घेईल त्यालाच ते लावता येतं. फ्रीबीएसडीनं ते घेतलेलं नाही. ॲपलच्या मॅकनं २००७ मध्ये घेतलं. आणि कहर म्हणजे चीनच्या वावे (हुआवेई) कंपनीच्या युलरओएसनंही एकेकाळी मिळवलं, जी लिनक्सवर आधारलेली आहे, म्हणजे युनिक्सच्या घराण्याबाहेर लिहिल्या गेलेल्या कर्नेलवर. सख्खा वारस नावाला पारखा आणि बाहेरचा नावाचा धनी. ‘शुद्ध वंश’ म्हणणाऱ्यांनी यातून कुठला निष्कर्ष काढायचा ते मला खरंच कळत नाही.

बर्कलीचं रक्त कुठवर पोचलंय हे पाहायला लांब जायला नको. मॅकवर प्रोग्रामिंगची साधनं असतील तर ‘एसटीडीआयओ डॉट एच’ ही सी भाषेची अगदी प्राथमिक फाइल उघडा. वरच्याच ओळींत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रीजंट्सचा कॉपीराइट दिसेल. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांतल्या एफटीपी या फायली पाठवायच्या प्रोग्रामच्या पोटातही तीच ओळ सापडते, १९८३ सालासकट. लिनक्सला कर्करोग म्हणणाऱ्या कंपनीनं तो प्रोग्राम बर्कलीचा घेतला, आणि हे लपवलं नाही हे त्यातल्या त्यात बरं. मायक्रोसॉफ्टचा कोड परदेशी म्हणून नको आणि ‘माया’ परकी म्हणून खोटी, असं एकाच दमात म्हणणाऱ्यानं जरा थांबून विचार करावा, की मायक्रोसॉफ्ट तरी कुठं सोवळ्यातली होती?

लिनक्सच्या बाबतीतही हा वंशशुद्धीचा खेळ खेळून झाला आहे. २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका संस्थेच्या केनेथ ब्राउन यांनी दावा केला की एकट्या विद्यार्थ्यानं कर्नेल लिहिणं अशक्य, तेव्हा टोरवाल्ड्सनं मिनिक्स या शिकवण्यासाठी केलेल्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममधून ते उचललं असणार. मिनिक्सचे कर्ते अँड्र्यू टॅनेनबॉम यांचं आणि टोरवाल्ड्सचं १९९२ मध्ये जाहीर भांडण झालेलं. सूड घ्यायचा तर ही नामी संधी होती. पण टॅनेनबॉम यांनीच ब्राउनचा दावा मोडीत काढला: कल्पना घेतल्या, कोड घेतला नाही. शिवाय मिनिक्स तरी का जन्मलं? एटी अँड टीनं युनिक्सचा कोड वर्गात शिकवायला बंदी केली म्हणून.

आता विरोधी बाजूचं खरं बळ कुठं आहे ते पाहू. खिल्ली उडवणारे उगाच संशयी झालेले नाहीत. चीनमध्ये संरक्षण तंत्रज्ञान विद्यापीठानं सरकारी पैशातून ‘किलिन’ नावाची ‘स्वतंत्रपणे विकसित’ ऑपरेटिंग सिस्टिम बनवली. २००६ मध्ये लोकांनी कोड ताडून पाहिला तेव्हा ती बहुतांशी फ्रीबीएसडी ५.३ निघाली. लक्षात घ्या, फ्रीबीएसडी घेण्यात गैर काहीच नव्हतं, लायसन्सच तशी मुभा देतं. गैर होतं ते ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द लावण्यात. जनतेच्या पैशानं पाटी रंगवून घेतली जात असेल तर ओरडणारा माणूस लोकशाहीला हवाच, आणि आपल्याकडे असं कधीच होणार नाही याची हमी मी देणार नाही.

दुसऱ्या बाजूचा मुद्दा याहून वजनदार आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय महासंघाच्या निर्बंधांचा हवाला देऊन मायक्रोसॉफ्टनं गुजरातेत वाडीनारला तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा अचानक थांबवल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, नंतर सेवा सुरू झाल्या. भारतातली कंपनी, पैसे भरलेले, आणि बटण दुसऱ्याच्या हातात. खुल्या सोर्सलाही हा धोका पूर्ण चुकवता येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियावरच्या निर्बंधांमुळे लिनक्स कर्नेलची देखरेख करणाऱ्या मेंटेनरांच्या यादीतून दहा-बारा रशियन मंडळींची नावं एका फटक्यात काढली गेली आणि टोरवाल्ड्सनं त्याचं समर्थन केलं. ‘खुलं म्हणजे सगळ्यांचं’ असं भाबडेपणानं म्हणणाऱ्यांना हे पचवावं लागेल.

पण या दोन घटनांमधला फरक पाहा. नायराच्या हातून चालती सेवाच गेली. रशियनांचा मात्र कोड गेला नाही. डेबियनच्या आधारे केलेली त्यांची ॲस्ट्रा लिनक्स दुसऱ्या दिवशीही चालू होती. त्यांनी गमावलं ते मुख्य प्रवाहात बसून निर्णय घेण्याचं स्थान. वावेचंही तसंच झालं. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांनंतर तिच्याकडून गूगलची ॲप आणि सेवा गेल्या, अँड्रॉइडचा खुला भाग राहिला. त्यावर उभं राहून तिनं हार्मनीओएसचे फोन काढले, आणि पाच वर्षांनी तो आधारही सोडून दिला. आधी उसना पाया, मग हळूहळू स्वतःची भिंत. बर्कलीचाच क्रम हा.

मग कोऱ्या कागदावरून का लिहू नये? लिहावं, ज्याला हौस आहे त्यानं. मुक्त सॉफ्टवेअरच्या जीएनयू प्रकल्पानं १९९० मध्ये ‘हर्ड’ हे कर्नेल मुळापासून, शास्त्रशुद्ध कल्पनांवर लिहायला घेतलं. माणसं बुद्धिमान होती, निष्ठेत तर कुणी त्यांचा हात धरला नसता. तरी आज तीन दशकांनंतरही ते रोजच्या वापराला पुरेसं झालेलं नाही. बर्कलीवाल्यांनी पुनर्लेखन केलं खरं, पण ते राहतं घर उभं ठेवून एकेक वीट बदलत. आणि त्यांना ते जमलं, कारण दहा-बारा वर्षं त्या घराची डागडुजी त्यांनीच केली होती.

आपल्याच स्वदेशी चळवळीनं हा प्रश्न कसा सोडवला होता? लोकमान्यांच्या पाठबळानं, घरोघरचा पैसा-पैसा गोळा करून १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. तिथं काचेची विद्या आणली ती जपान आणि अमेरिकेत शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी. भट्टीची रीत परकी आहे म्हणून कारखाना बाटला असं कुणी म्हटलं नाही. तिथं शिकून तयार झालेले कारागीर पुढे इतरत्र काचेच्या धंद्यात पसरले. स्वदेशीचा हिशेब त्या माणसांत होता. टिळकांना जे शतकापूर्वीच्या टंचाईत कळलं होतं ते आपल्याला सॉफ्टवेअरच्या सुकाळात कळू नये याचं नवल वाटतं.

बारा नंबरचा नमुना भरायचा म्हणजे काय, याचं एक उदाहरण थेट मराठीतलं. ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’, ‘करणाऱ्या’ या शब्दांतला आडवा, पापणीसारखा र. हिंदीत तो नाही. संगणकाला त्याचा नियम सांगितलेला नसेल तर त्याचा रफार होतो आणि ‘वार्यावर’ असं काहीतरी उमटतं. हिंदी वाचणाऱ्याला त्यात काही खटकणार नाही, अमेरिकनाला तर मुळीच नाही. ते मराठी वाचणाऱ्यालाच खुपतं, आणि दुरुस्त करायला तोच बसतो. सी-डॅकच्या जिस्ट या भारतीय लिप्यांवर काम करणाऱ्या गटाचं काम, युनिकोडच्या देवनागरीला पायाभूत ठरलेली इस्की ही भारतीय संकेतप्रणाली, रेड हॅट या लिनक्स कंपनीनं खुली केलेली आणि पुण्यातल्या अभियंत्यांनी सांभाळलेली लोहित फॉण्टमाला, ही सगळी या देशात पेरलेली आणि जगभरच्या लिनक्समध्ये उगवलेली पिकं आहेत. यांच्यावर कुणी तिरंगा छापला नाही. छापायची गरजही पडली नाही, कारण फाइल उघडली की बदल कुणी केला ते दिसतं.

तेव्हा ‘बॉस’, ‘माया’ किंवा उद्याच्या कुठल्या नव्या नावाबद्दल विचारायचे प्रश्न साधे आहेत. मूळ डेबियनपेक्षा किंवा उबुंटूपेक्षा तुम्ही काय काय बदललं, त्याची यादी आणि कोड जाहीर आहे का? त्यातलं किती मूळ प्रकल्पात परत पाठवलं आणि किती स्वीकारलं गेलं? निर्बंध आले आणि वरून पाणी तुटलं तर सुरक्षा-दुरुस्त्या स्वतः लिहू शकतील अशी माणसं पगारावर आहेत का, आणि पाच वर्षांनी राहतील का? सरकारी निविदांमध्ये मला ‘स्वदेशी’ हा शब्द दिसतो, ही कलमं क्वचित दिसतात.

शेवटचा प्रश्न सगळ्यात निकडीचा आहे. २९ मार्च २०२४ ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, ‘एक्सझेड’ या कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या लायब्ररीत, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडमध्ये, मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा जाहीर झाला. तो सापडला तो लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा पाठपुरावा करणाऱ्या एका अभियंत्याला. चोरदरवाजा पेरणाऱ्यानं त्याआधी दोन-अडीच वर्षं इमानेइतबारे त्या लायब्ररीची मशागत केली होती. असा खेळ पुन्हा होईल आणि तोही सुट्टीच्याच दिवशी होईल. त्या दिवशी आपल्या मंत्रालयातल्या हजारो यंत्रांवर त्या लायब्ररीची कुठली आवृत्ती आहे हे तासाभरात सांगू शकणारा माणूस कोण, त्याचं पद काय, आणि तो रजेवर असेल तर त्याच्या जागी कोण, एवढं निविदेत लिहून घ्या.